बेटावर राहायला समुद्र लागत नाही

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा.

मे महिना लागला की मोबाईलवर निळ्या पाण्याचे फोटो सुरू होतात. कुणी अंदमानला, कुणी लक्षद्वीपला, कुणी गेला बाजार मालवणला. खाली लिहिलेलं असतं, 'बेटावरचं आयुष्यच वेगळं!' वेगळं असतंच. पण ते बघायला विमान लागत नाही. आपल्या मोडनिंबच्या स्टँडवरनं टेंभुर्णीची गाडी धरायची, पुढं करमाळ्याच्या बाजूला वळायचं आणि उजनीच्या पाण्याला लागून जी गावं आहेत तिथं चार दिवस राहायचं. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खड्ड्यांचा रस्ता. नकाशात त्याला बेट म्हणत नाहीत. पण रात्री पोटात दुखायला लागल्यावर समोरच्या काठाला दवाखान्याचे दिवे दिसतात आणि तिथं जाता येत नाही, तेव्हा माणूस बेटावरच असतो.

माझी आत्या अशा एका गावात दिली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगतोय ते काठावरच्या कुठल्याही गावाला लागू आहे. लहानपणी सुट्टी लागली की आम्हा भावंडांची रवानगी तिकडं व्हायची. सकाळी मोडनिंबातनं निघायचं, टेंभुर्णीला उसाचा रस प्यायचा आणि दुपारी आत्याच्या पडवीत पोचायचं. पोचल्या पोचल्या आत्याचा पहिला प्रश्न, "दादा कसा हाय? कॅनॉलला पाणी आलंय का?" भावाची खुशाली आणि कालव्याचं पाणी, दोन्ही एकाच दमात.

त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. तो सांगायचा तर आधी थोडं धरणाबद्दल बोलावं लागेल.

उजनीची पायाभरणी १९६६ ला झाली आणि धरण १९८० ला पूर्ण झालं. जलाशयाला नाव दिलं यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसीच्या वर. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी आणि मृतसाठा त्याहून मोठा, साडेत्रेसष्टच्या वर. म्हणून तर आपल्याकडं दर उन्हाळ्यात बातमी येते की उजनी 'उणे' झाली. आता यातली खरी गंमत बघा. शंभर टक्के भरलेलं धरण म्हणजे पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर. शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर. उंचीतला फरक सहा मीटरसुद्धा नाही. दुमजली घराएवढं पाणी खाली गेलं की शंभराचं शून्य होतं.

याचा अर्थ असा की उजनी काठाकडं उथळ आहे आणि लांबरुंद पसरलेली आहे. एखाद्या परातीत पाणी ठेवा आणि थोडंसं ओता, कडा केवढी उघडी पडते बघा. तेच इथं होतं. पाणी हातभर उतरलं की काठ कुठल्या कुठं मागं सरकतो. आत्याच्या गावात दिवाळीला पाणी वावराच्या बांधाला असायचं आणि मे महिन्यात तेच पाणी बघायला चपला घालून निघावं लागायचं. तिथली माणसं पाणी 'आटलं' म्हणत नाहीत. 'पळालं' म्हणतात. "औंदा पाणी लवकर पळालं."

आणि पाणी पळालं की आमची चैन सुरू व्हायची.

सकाळी न्याहारी झाली की आम्ही सात-आठ पोरं उघड्या पडलेल्या जमिनीत उतरायचो. वर कडक पापुद्रा, त्याला हात हात लांबीच्या भेगा, भेगांत पांढरे शिंपले. कुठं मासेमारीच्या जाळ्याचा गुंता, कुठं बाभळीचं काळंठिक्कर खोड उभं. लांब पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. आम्हाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, आम्ही त्यांना 'लंबू' म्हणायचो. आता भिगवण, कुंभारगाव, डिकसळला तेच पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं मोठाले कॅमेरे घेऊन येतात. बरं वाटतं. होड्या चालवणाऱ्या पोरांना चार पैसे मिळतात.

पण उंडारायला जायचं म्हणजे वाटेल तसं नाही. आत्याचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, काठी घेऊन पुढं असायचे. त्यांचे नियम होते. गाळाचा रंग पांढरा असेल तर पाय टाका, काळा दिसला तर थांबा, कारण वर सुकलंय आणि खाली दलदल आहे. जनावराची वाट असेल तिथनंच चाला, पक्ष्याच्या पावलांवर भरवसा ठेवू नका, पक्ष्याला वजन नसतं. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढं जायचं नाही, कारण खाली जुनी विहीर असू शकते. विहीर बुडाली म्हणून बुजत नाही! आणि उन्हं कलली की घराकडं तोंड करायचं. चारनंतर वळवाचं काही सांगता येत नाही.

हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आबांसोबत एकदा जुन्या गावठाणापर्यंत गेलो. दुष्काळी वर्ष होतं म्हणून गाव वर आलं होतं. गाव म्हणजे काय, दगडांच्या रांगा. जोती, उंबरे, एक फुटकं जातं, देवळाच्या चार पायऱ्या, वेशीचा एक बाजूचा दगडी खांब. आम्हा पोरांना तो सगळा दगडधोंडाच होता. आबा मात्र त्यातनं असे चालत होते जसं आपण आपल्या आळीतनं चालतो. कुठंही दगड ओलांडत नव्हते. बोळातनं वळायचे, मग चौकात यायचे. "हितं तालीम. हितं चावडी. हे शिंप्याचं दुकान." एका जोत्यापाशी थांबले, चप्पल काढली आणि आत गेले. आम्हाला म्हणाले, "दारातनं या रं." दार नव्हतं, भिंत नव्हती, छप्पर नव्हतं. तरी आम्ही सगळे वळसा घालून दाराच्या जागेतनं आत गेलो.

सोलापूर, पुणे आणि नगर या तीन जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचं असं झालं. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ तुम्ही फोटोत बघितलं असेल. पाणी खूप खाली गेलं की ते अख्खं उघडं पडतं, पार नक्षीसकट. कुगावला इनामदारांच्या वाड्याचे अवशेष वर येतात. डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल, रेल्वेचा जुना मार्ग, सगळं या पाण्याच्या पोटात गेलं किंवा त्याच्या कडेला उरलं. पुणे-सोलापूर रेल्वेलासुद्धा या धरणापायी वाट बदलावी लागली. रेल्वेला नवीन रूळ मिळाले. माणसांना माळावरची नवीन गावठाणं मिळाली आणि पुढं कितीतरी वर्षं कागदपत्रांच्या फायली मिळाल्या.

आता आत्याच्या प्रश्नाकडं येतो. 'कॅनॉलला पाणी आलंय का?'

आपल्या माढा, पंढरपूर, मोहोळ तालुक्यांत ऊस उभा आहे, द्राक्षं आहेत, डाळिंब आहे, त्यात उजनीच्या पाण्याचा मोठा हात आहे. सोलापूर शहर याच पाण्यावर आहे. आषाढीला चंद्रभागेत पाणी सोडतात ते इथलंच. आपल्याकडं चहाच्या टपरीवर फेब्रुवारीपासनं एकच चर्चा, 'आवर्तन कधी सुटणार?' आणि तिकडं काठावर त्याच दिवसात चर्चा, 'सोडणं कधी थांबवणार?' आपल्याकडं कालव्याला पाणी आलं की पोरं उड्या मारतात. तिकडं त्याच दिवशी आत्येभाऊ मोटार उचलून पुढं न्यायला निघतात.

ही मोटार पुढं नेणं काय असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. पाणी पळालं की फुटव्हॉल्व उघडा पडतो. मग मोटार, पाईप, केबल सगळं खांद्यावर घेऊन गाळातनं पाण्यापर्यंत जायचं. एकट्याचं काम नाही, चार घरची माणसं लागतात. आज तुझी, उद्या माझी. आठ-पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा पळतं, पुन्हा तेच. पाईप पुरले नाहीत तर जेसीबी लावून चारी खोदायची आणि पाण्याला बोलवून आणायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. तेव्हा नुसत्या केबल आणि पाईपापायी घरटी किती खर्च झाला असेल याचा हिशेब त्या काठावर जाऊन विचारा. धरणाच्या कडेला राहणारा माणूस पाण्यासाठी सगळ्यात लांब चालतो, असा हा प्रकार.

त्यांच्या वाट्याला काही मिळतच नाही असं नाही. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, चारा होतो. मासळी आहे, चिलापी, कटला, रोहू, मरळ. आत्या आमच्या माळकऱ्याच्या घरातली. अरण आपल्यापासनं हाकेच्या अंतरावर, सावता महाराजांचा गाव. लहानपणापासनं गळ्यात तुळशीची माळ. तिनं आयुष्यात मासा तोंडात घातला नाही. पण पडवीच्या कोपऱ्यात वेगळी चूल होती, वेगळा तवा, वेगळं पातेलं. तिथं आत्याचे दीर चिलापीचं कालवण करायचे आणि आत्या आतल्या चुलीवरनं ज्वारीच्या भाकरी थापून बाहेर द्यायची. "खावा पोरांनो, हे पाणी आपलं घर घेऊन बसलंय, निदान त्याचा मासा तरी खावा." हे ती हसत म्हणायची. आम्हीही हसायचो.

आणि बोट. तिथलं सगळं जगणं बोटीवर. समोरचा काठ म्हणजे इंदापूर तालुका. कॉलेज तिकडं, मोठा दवाखाना तिकडं, बाजार तिकडं, सोयरीकही तिकडं. पाण्यातनं थोड्या वेळात पोचता येतं. रस्त्यानं जायचं तर टेंभुर्णीला नाहीतर भिगवणला वळसा, अर्धा दिवस गेला. मग माणूस काय करणार? बोटीत मोटारसायकली चढवतात, त्यावर दुधाचे कॅन, मध्ये शाळेची पोरं, कडेला म्हातारी माणसं. आमच्याकडं जशी वडापची जीप भरते तशी तिथं बोट भरते. फरक एवढाच की जीप बंद पडली तर खाली उतरता येतं.

२१ मे २०२४. संध्याकाळची वेळ. कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात माणसं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकी सहा जण गेले. त्यात एक नवराबायको आणि त्यांची दोन लहान लेकरं. एनडीआरएफची टीम आली, शोध तिसऱ्या दिवसापर्यंत चालला.

त्याआधी एप्रिल २०१७ च्या अखेरीस याच उजनीत सहलीला आलेल्या डॉक्टर मंडळींची बोट उलटली होती. चार डॉक्टर बुडाले.

दोन्ही घटना उन्हाळ्यातल्या. हा योगायोग नाही. उन्हाळ्यात दिवसभर जमीन तापते आणि दुपारनंतर ढग जमून वळवाचा वारा एकदम सुटतो. उजनीवर अडवायला झाड नाही, डोंगर नाही. मैलोन्मैल उघड्या पाण्यावरनं वारा धावत येतो आणि पाणी उथळ असलं की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. समुद्राची लाट बोटीला उचलते, ही लाट बोटीत शिरते. आबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. 'उन्हं कलली की घराकडं तोंड' एवढंच ते सांगायचे. पण आबांच्या पोरासोरांना घराकडं तोंड करता यायचं, कारण ती उंडारायला गेलेली असायची. कामावरनं परतणाऱ्या माणसाची वेळ नेमकी तीच असते. संध्याकाळची. त्याचं घर पाण्याच्या पलीकडं असतं.

कुगावची घटना झाली तेव्हा मी आत्याला फोन केला. आत्या आता थकली आहे. म्हणाली, "बाळा, ह्या पाण्यानं आधी घर घेतलं. ते आम्ही दिलं, सरकारला पाहिजे होतं, म्हटलं घ्या. पण लेकरं कुणी मागितली नव्हती."

यावर मला बोलता आलं नाही.

घटनेनंतर जे होतं ते झालं. पुढारी आले, बोटींवर कारवाईची भाषा झाली, बातम्या झाल्या. कुगाव-शिरसोडी पुलाचा विषय जोरात आला. पूल मंजूर आहे, झालाच पाहिजे. पूल झाला की करमाळा आणि इंदापूर खऱ्या अर्थानं शेजारी होतील. पण मोठा पूल एका उन्हाळ्यात उभा राहत नाही, आणि तो झाला तरी एकाच जागी होणार. काठ केवढा लांब आहे! बाकीच्या गावांची माणसं बोटीनंच जाणार.

नुसती बंदी घालून भागत नाही हेही सांगतो. बंदी घातली म्हणून कॉलेजची परीक्षा थांबत नाही, डिलिव्हरी थांबत नाही, दूध थांबत नाही. उजेडात धक्क्यावरनं जाणारी बोट बंद केली की ती अंधारात आडबाजूनं जाते. मग कुणाच्या वहीत नोंद नाही, कुणाला ठाऊक नाही आत किती माणसं होती. बंदीनं धोका कमी होत नाही, नजरेआड होतो.

गेल्या उन्हाळ्यात मी आत्याला भेटायला गेलो तेव्हा पलीकडं जायला एका ठिकाणी बोटीत बसलो. जॅकेट विचारलं. माणसं हसली. एक जण म्हणाला, "पावनं दिसतंय." जॅकेट होती, पाच-सहा. एका टपरीत पोत्यात बांधून ठेवलेली. साहेब येणार असले की निघतात म्हणे. धक्क्याचं नाव घेत नाही, कारण एका बोटवाल्याला धरून काही होणार नाही. तो बिचारा डिझेल, हप्ता आणि पोटाचा मेळ घालत बसलाय.

मग करायचं काय? मला समजतं तेवढं मांडतो. चुकत असेल तर सांगा.

जिथं जिथं रोजची बोट सुटते तिथं सरकारी खर्चानं जॅकेट ठेवा, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा. मोठ्यांचं जॅकेट लेकरातनं निसटतं. मोटारसायकली आणि माणसं एका बोटीत नकोत. बोटीवर रंगानं रेघ मारा, रेघ पाण्याखाली गेली की बोट निघणार नाही. याला यंत्र लागत नाही, डबाभर रंग लागतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर बोट बंद, आणि त्याच्या बदल्यात त्या दोन महिन्यांत संध्याकाळची एसटी वळशाच्या रस्त्यानं चालू. बदल्यात गाडी दिली तरच बोट बंद राहील. वादळाचा इशारा आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतो, तो धक्क्यावर लाल बावटा होऊन लागला पाहिजे, आणि बावटा लावायची जबाबदारी गावातल्या एका माणसाला मानधन देऊन द्या.

आणि पोहणं. काठावरच्या शाळांत चौथीपर्यंत प्रत्येक पोराला आणि पोरीला पोहता आलंच पाहिजे. पोरीला म्हणतोय, कारण आमच्या आत्येबहिणी जन्मभर पाण्याकडेला राहिल्या, पण पोहायला फक्त भावांना शिकवलं. पोरींनी काठावर धुणं धुवायचं.

उजनीत आता जलपर्यटनाच्या योजना येतायत. येऊ द्या, स्वागत आहे. पण पाहुण्यांच्या बोटीला जॅकेट आणि गावच्या बोटीला पोतं, असं होऊ नये. आधी रोज जाणाऱ्याची सोय, मग हौसेनं येणाऱ्याची.

आपण इकडं मोडनिंबात, टेंभुर्णीत, पंढरपुरात बसून म्हणू शकतो की हा काठावरच्या लोकांचा प्रश्न आहे. तसा तो नाही. आपल्या उसाच्या मुळाशी जे पाणी आहे ते कुणाच्या तरी उंबऱ्यावरनं वाहून आलंय. आत्या फोनवर अजून विचारते, कॅनॉलला पाणी आलंय का. आलंय म्हटलं की म्हणते, "मग बरं झालं." तिच्या काठावरनं तेवढं पाणी पळालेलं असतं, तरी बरं झालं म्हणते. माहेर भिजलं म्हणून खूश होते. आपण निदान एवढं करू शकतो की तालुक्याच्या आमसभेत, आपल्या आमदार-खासदारांच्या दौऱ्यात, आवर्तनाबरोबर बोटींचाही विषय काढायचा. पाणी मागायला आपण मोर्चे नेतो. त्याच पाण्यावर जाणाऱ्या माणसांसाठी एक निवेदन न्यायला हरकत नाही. मी मसुदा लिहायला घेतोय. सह्या करणाऱ्यांनी कळवा.

आणि या उन्हाळ्यात पोरंबाळं घेऊन उजनीकडं गेलात तर जरूर जा. पक्षी बघा, देऊळ बघा, मासा खा. देवळाच्या शिखरावर चढून रील करू नका आणि जुन्या गावातला दगड आठवण म्हणून उचलून आणू नका, तो कुणाच्या तरी चुलीपाशी होता. बोटीत बसायच्या आधी जॅकेट मागा. सगळ्यांसाठी मागा, आपल्यापुरतं नको. नाही म्हणाले तर खाली उतरा. चार माणसं उतरली की पोत्याची गाठ सुटते.